बाबा म्हणतायत, 'एकदा मला दे की चालवायला'

या वेळची पत्रं उघडली तर चार जणांनी फिरून फिरून एकच विषय काढलेला, आपली जिवापाड जपलेली स्पोर्ट्स कार आणि ती चालवायची इच्छा असलेले आई नाहीतर बाबा. त्यामुळे बॅटरी आणि मायलेजचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच.

प्रश्न: ताई नमस्कार. दहा वर्षं पैसे साठवून मी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली, सेकंडहँड पण नीट ठेवलेली, मॅन्युअल गिअर, मागच्या चाकांना पॉवर, ३०० च्या वर हॉर्सपॉवर. धुतो पण मीच, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. बाबा ७४ वर्षांचे आहेत. मला गाडी त्यांनीच शिकवली आणि अजून स्वतःची साधी गाडी रोज चालवतात. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि हळूच म्हणाले, एकदा मला दे की चालवायला. मी म्हटलं हो बघू, आणि तेव्हापासून विषय टाळतोय. बायको म्हणते देऊन टाक, त्यात काय एवढं. मला भीती वाटते आणि खरं सांगायचं तर ती बाबांची आहे का गाडीची तेच कळत नाहीये, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. काय करू?

उत्तर: आधी स्वतःवर चिडणं थांबवा. दहा वर्षं साठवून घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना पोटात गोळा येणारच, ते हात बाबांचे असले तरी येणार. फक्त दोन गोष्टी वेगळ्या करा. गाडीला ओरखडा येईल ही एक भीती, ती खरी आहे पण ओरखडा काढता येतो. बाबांना काही होईल किंवा त्यांच्या हातून रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला काही होईल ही दुसरी, आणि ती रात्री पडल्या पडल्या विचार करून सुटत नाही, तपासूनच बघावी लागते. आणि ते 'हो बघू' मात्र बंद करा, त्या वयाच्या माणसाला 'बघू'चा अर्थ बरोबर कळतो.

नुसत्या वयाच्या आकड्यावरून काही ठरत नाही हे मी ठामपणे सांगते. पॉल न्यूमन हा हॉलिवूडचा नट १९९५ साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांच्या रेसमध्ये आपल्या क्लासमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गटात, पहिल्या आलेल्या टीममधून गाडी चालवत होता, तेव्हा तो ७० वर्षांचा होता. आणि दुसरीकडे स्टर्लिंग मॉस, ब्रिटनचे जुने नावाजलेले रेसर. ते ८१ वर्षांचे असताना, २०११ मध्ये, फ्रान्समधल्या ले मान्सच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या रेसची तयारी चालली होती आणि त्या दुपारी चालवताना त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्याच दिवशी त्यांनी रेसिंग सोडतोय म्हणून सांगून टाकलं. कोणी येऊन सांगायची वाट बघितली नाही. मला ही दुसरी गोष्ट कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठी वाटते. तुमचे बाबा यातल्या कुठल्या टप्प्यावर आहेत हे त्यांच्या जन्मतारखेवरून नाही कळणार, त्यांच्या शेजारी बसल्यावर कळेल.

म्हणून आठवडाभर त्यांच्याच गाडीत त्यांच्या शेजारी बसून फिरा. परीक्षा घेताय असं दाखवू नका, काम निघालं की 'बाबा तुम्हीच चला' म्हणायचं आणि बघत राहायचं. लेन बदलताना मान वळते का नुसत्या आरशावर भागवतात, चौकात समोरून येणाऱ्याच्या वेगाचा अंदाज बरोबर येतो का, ब्रेक आधीपासून हळूहळू लागतो का शेवटच्या क्षणी, मागचे लोक सारखे हॉर्न वाजवतात का आणि वाजवले तर त्यांना ऐकू येतात का. त्यांच्या गाडीच्या बंपरचे कोपरे पण बघा, तिथे एवढ्यातले नवे ओरखडे दिसले तर त्यावर सरळ बोला.

डोळ्यांचं वेगळं सांगते कारण हे लोक विसरतात. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळसर होत जातं म्हणून. समोरून झोत अंगावर आला की त्यातून सावरायलाही वेळ जास्त लागतो. त्यामुळे दिवसा उत्तम चालवणारा माणूस संध्याकाळनंतर वेगळाच ड्रायव्हर असू शकतो आणि यात त्याची काही चूक नसते. ब्रिटनमध्ये ड्रायव्हरला दिवसाच्या चांगल्या उजेडात २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे असा नियम आहे, हे तुम्ही सहज करून बघू शकता, चालता चालता 'बाबा त्या गाडीचा नंबर काय हो' एवढं विचारलं तरी झालं. गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही विचारा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी झोप येते, झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो, आणि डायबिटीसच्या काही औषधांनी शुगर अचानक खाली येते. शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरला विचारा, आणि विचारताना बाबांना बरोबर न्या, त्यांच्या पाठीमागे नको.

हे सगळं ठीक निघालं तर द्या गाडी. मनापासून द्या. पण एक लक्षात घ्या, बाबांचा अनुभव त्यांच्या गाडीचा आहे आणि काही सवयी तुमच्या गाडीत उलट्या पडतात. सगळ्यात महत्त्वाची ब्रेकची. त्यांच्या पिढीला शिकवलं गेलं की घसरायला लागलं की ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून दाबायचा, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासबरोबर आलं आणि साध्या गाड्यांपर्यंत झिरपायला पुढे खूप वर्षं गेली. एबीएस असेल तर पाय जोरात दाबून तसाच धरून ठेवायचा, पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून पाय काढायचा नाही. हे तोंडी सांगून उपयोग नाही, रिकाम्या मैदानात ताशी ४० ला नेऊन मुद्दाम कचकन ब्रेक मारायला लावा, दोनतीनदा, म्हणजे ती थरथर एकदा त्यांच्या पायाला कळली की झालं.

मग पेडल. स्पोर्ट्स कारमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच पायाने दाबता यावेत म्हणून बऱ्याचदा जवळ जवळ असतात, तिथे रुंद तळव्याचा बूट दोन्हीवर पडतो. पातळ तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे बूट घालायला सांगा, चप्पल अजिबात नको. ॲक्सिलरेटरला त्यांच्या गाडीत जेवढा पाय लागतो त्याच्या पाव भागात तुमची गाडी पळेल. मोड बदलता येत असेल तर सगळ्यात सौम्य मोडवर ठेवा आणि चाकं जागच्या जागी फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आणि घसरणारी गाडी सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल यांच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही, तुम्ही पण नाही. मागच्या चाकांना पॉवर आहे म्हणजे ओल्या वळणावर पाय जास्त पडला की मागची बाजू सुटते, आणि त्यावर दचकून पाय एकदम काढला तरी बिघडतं, म्हणून रस्ता कोरडाच हवा. तुमचे टायर उन्हाळी परफॉर्मन्सवाले असतील तर साधारण ७ डिग्रीच्या खाली ते कडक होतात आणि पकड कमी होते, त्यामुळे थंडीच्या सकाळी हा बेत नको.

आणि वेग. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर यायला नुसता अर्धा सेकंद जास्त लागला तर १४ मीटर गेलेच. ५० चे १०० झाले तर वेग दुप्पट पण थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट. तुमची गाडी या वेगाला इतक्या शांतपणे पोचते की काटा बघितल्याशिवाय कळतच नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

कागद बघायचे राहू देऊ नका. त्यांचं लायसन्स चालू आहे का, आणि तुमच्या पॉलिसीत तुमच्याशिवाय दुसरं कोण चालवू शकतं, त्याला वयाची अट आहे का, त्यांचं नाव घालावं लागतं का. फोनवर 'चालेल' म्हणाले तरी लेखी मागून घ्या.

प्रत्यक्ष त्या दिवशी आधी तुम्ही चालवा, १०-१५ मिनिटं, ऑइल नीट गरम होऊ दे, पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं. मग मोकळ्या जागी सीट बदला. इंजिन बंद ठेवून त्यांना क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघू दे, रिव्हर्स कुठे आहे आणि तो दाबून पडतो का रिंग उचलून, आरसे, हँडब्रेक लिव्हर आहे का बटण, सगळं. हात घड्याळाच्या ९ आणि ३ वर, आधी १० आणि २ सांगायचे पण आता समोर एअरबॅग असते. रस्ता तुम्हाला पाठ असलेला निवडा आणि पहिल्या दिवशी २० मिनिटं पुरे.

आणि शेजारी बसून गप्प राहायचं, हे सगळ्यात अवघड. मी माझ्या बाबांना माझी गाडी पहिल्यांदा दिली तेव्हा ते ७१ चे होते. बसल्यावर त्यांनी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं, दोन्ही तळवे पँटवर पुसले आणि गिअरच्या गोळ्यावर हात ठेवून डोळे मिटून पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर टाकून बघितले. निघताना गाडी दोनदा बंद पडली. मी लगेच 'क्लच, क्लच' केलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मी शिकत होते तेव्हा त्यांनी एकदाही तोंडाने क्लच म्हटलं नव्हतं, नुसती दोन बोटं डॅशबोर्डवर टेकवायचे आणि मला कळायचं. ते आठवलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्यांदा गाडी अलगद निघाली. पुढे एका उतारावर त्यांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकताना मधेच इंजिनचे फेरे असे काही जुळवले की मला गिअर बदललेला नुसता आवाजावरून कळला, धक्का म्हणून बसला नाही, आणि ते मला आजही तसं जमत नाही. पंधरा मिनिटांनी त्यांनी आपणहून बाजूला घेतली आणि म्हणाले, मागचं काही नीट दिसत नाही गं हिच्यात, घे तू. त्यांनी स्वतः थांबायचं ठरवलं, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी किल्ली त्यांच्या हातात देताना मला एकदाही धाकधूक झाली नाही.

तुम्ही दोघं आधीच एक शब्द ठरवून ठेवा, 'थांबा' म्हटलं की काही न विचारता थांबायचं. बाकी सूचना द्यायच्या नाहीत, पुढे काय आहे तेवढंच सांगायचं, पुढे डावं वळण आहे, पुढे उंच स्पीडब्रेकर आहे, हिचं नाक टेकतं, तिरकी घ्या. पाय दाबून काल्पनिक ब्रेक मारू नका, तो त्यांना दिसतो.

प्रश्न: सगळे बाबांबद्दलच विचारतात म्हणून मी आईबद्दल विचारते. आई ६९ ची, आयुष्यभर गाडी चालवली, नोकरी, आमच्या शाळा, आजीचं दवाखान्याचं, सगळं तिनेच केलं. माझी स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक आहे. आई कधी मागणार नाही पण शेजारी बसते तेव्हा तिचे हात मांडीवर स्टिअरिंग धरल्यासारखे असतात, मी बघितलंय. तिचे गुडघे दुखतात आणि उंची कमी आहे. विचारू का तिला?

उत्तर: विचारा, आणि 'चालवशील का' असं विचारू नका, ती नाही म्हणेल. 'आज तू चालव' म्हणा. ज्या बाईने आयुष्यभर गरजेपुरती गाडी चालवली तिला एकदा नुसत्या आनंदासाठी चालवायला मिळू दे, तुमच्या पत्रातलं ते हातांचं वाचून मला राहवत नाहीये.

गुडघ्यांसाठी युक्ती अशी, सीट पूर्ण मागे घ्या, स्टिअरिंग वर होत असेल तर वर करा, मग तिने पाठमोरं होऊन आधी सीटवर बसायचं आणि नंतर दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एक पाय आत एक बाहेर असं करताना गुडघ्याला पीळ बसतो. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाकली तर वळणं सोपं जातं, पण बसून झाल्यावर ती काढून घ्यायची, नाहीतर बसल्या जागी घसरायला होतं. उतरताना दोन्ही पाय बाहेर जमिनीवर टेकवून मग हाताच्या आधाराने उठायचं, आणि ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर इतक्या खालून एकदम उठलं की चक्कर येऊ शकते, दोन क्षण बसून राहू दे.

उंची कमी असलेली माणसं स्टिअरिंगला चिकटून बसतात. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर पाहिजे, एअरबॅग फार जोरात उघडते. दिसण्यासाठी आधी सीटची उंची वाढवा, उशी द्यायचीच तर पातळ आणि घट्ट, मऊ जाड उशीवर माणूस धडकेत बेल्टच्या खालून पुढे सरकतो.

ऑटोमॅटिकचं एक नीट सांगा. डावा पाय आरामात बाजूला, तो कशालाच लावायचा नाही, दोन्ही पेडल उजव्या पायाचीच. चुकून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं हे वयस्कर ड्रायव्हरांच्या बाबतीत जगभर दिसतं आणि ते वेगात कमी, पार्किंगमध्ये जास्त होतं. रिव्हर्स घेताना शरीर मागे पिळलं की खाली पाय पण नकळत सरकतो, आणि नेम चुकला की ब्रेक समजून भलतंच दाबलं जातं, गाडी थांबत नाही म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. म्हणून पहिल्या काही वेळा पार्किंग तुम्ही करा. गाडी लावायचं कौशल्य तिने आयुष्यभर दाखवलंय, तिला आता मोकळा रस्ता द्या.

प्रश्न: बाबांना गाडी दिली, वळताना पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं, अलॉयची कड पूर्ण खरवडली. मी तिथेच सगळ्यांसमोर बोललो. आता ते गाडीकडे बघत पण नाहीत. चाकाचं काय करू?

उत्तर: चाकाचं आधी सांगते कारण त्यात सुरक्षिततेचा भाग आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगवटा किंवा चीर दिसली तर टायर लगेच बदला, तसा चालवू नका. अलॉयला तडा असेल तर तेही चाक बाद. नुसती कड खरवडली असेल तर ती घासून रंगवून मिळते. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, तपासून घ्या.

आता तुम्ही पत्रात न विचारलेलं. सगळ्यांसमोर बोललात ना, मग माफी पण सगळ्यांसमोर मागा. रुंद टायर, बुटकी गाडी, लांब बॉनेट, त्यात त्या बाजूचं पुढचं चाक नेमकं कुठे आहे हे ड्रायव्हरला दिसतच नाही, तुम्हालाही पहिल्या महिन्यात दिसलं नसणार. चाक दुरुस्त करून आणलं की त्याच दिवशी किल्ली बाबांच्या समोर ठेवा आणि त्याच वळणावरून जा.

प्रश्न: बाबा ७८ चे आहेत. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे असं सांगितलं. मधे एकदा रोजच्या रस्त्यावर चुकले होते. लायसन्स अजून चालू आहे. माझी जुनी उघड्या छताची स्पोर्ट्स कार ही मुळात त्यांचीच, त्यांनी मला दिलेली. रोज म्हणतात एकदा चालवू दे. घरातले सगळे म्हणतात रिकाम्या रस्त्यावर एकदाच दे, त्यांच्या मनासारखं होईल. तुम्ही काय म्हणता?

उत्तर: नाही. हे लिहिताना मला फार जड जातंय पण नाही. पाठ असलेल्या रस्त्यावर चुकणं ही छोटी गोष्ट नाहीये. लायसन्सवरची तारीख आजार व्हायच्या आधी छापलेली आहे, ती आजची स्थिती सांगत नाही. आणि रस्ता रिकामा आहे हे आपण म्हणतो तोपर्यंतच तो रिकामा असतो. जुन्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नसेल, कदाचित एबीएस पण नसेल, म्हणजे चूक झाली तर सावरून घ्यायला गाडी काही करणार नाही.

काही देशांमध्ये गाडी चालवण्याच्या क्षमतेची वेगळी तपासणी करणारे तज्ज्ञ असतात, तुमच्याकडे सोय असेल तर डॉक्टरांना विचारा, रोजच्या साध्या गाडीचा निर्णयही त्यांच्याकडूनच येऊ दे. तुम्ही मुलगा आहात तर मुलगाच राहा, नाही म्हणायचं काम डॉक्टरांना करू द्या. बाबांनी विचारलं की रोज तेच एक वाक्य, त्याच शांतपणे, 'डॉक्टरांनी सध्या थांबायला सांगितलंय बाबा, चला मी तुम्हाला फिरवतो.' वाद घालू नका, काल सांगितलं होतं असं म्हणू नका. किल्ली नेहमीच्या जागी टांगून ठेवू नका, डोळ्यांआड ठेवा.

आणि फिरवतो म्हटलंत की खरंच फिरवा, त्याच दिवशी. आधी त्यांच्या हातात फडकं द्या, बॉनेट त्यांना पुसू दे, ऑइलची काडी त्यांना काढून बघू दे, हाताला अजून सगळं आठवत असतं. मग छत उघडा, त्यांना शेजारी बसवा, बेल्ट नीट लागलाय का बघा आणि इंजिन तापेपर्यंत हळू चला. मोठ्या रस्त्याला लागलात की तिसऱ्या गिअरमध्ये थोडी वरपर्यंत खेचा, तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. चौथा कधी टाकायचा ते त्यांना सांगू द्या.